‘कॅचिंग फायर’मध्ये काय जमलंय आणि काय फसलंय

प्रश्न असा आहे: ‘द हंगर गेम्स’ खूप आवडलं, पण दुसरा भाग ‘कॅचिंग फायर’ वाचताना पुन्हा तीच सोडत, त्याच मुलाखती, तेच रिंगण दिसलं. हा भाग खरंच चांगला आहे, की पहिल्याच्या यशावर काढलेला आहे? आणि किशोरांसाठी विज्ञानकादंबरीचा दुसरा भाग लिहायचा झाला, तर यातून काय घ्यावं, काय टाळावं?

या मालिकेत कॅपिटॉल ही सत्ताधारी राजधानी दरवर्षी आपल्या ताब्यातल्या बारा जिल्ह्यांतून सोडतीने किशोरवयीन मुलं-मुली निवडते आणि एकच उरेपर्यंत त्यांना रिंगणात लढवून ते टीव्हीवर दाखवते. पुस्तक चांगलं आहे. बांधणीच्या बाबतीत तर तिन्ही भागांत हाच सर्वांत पक्का आहे. तरीही त्याच्या मध्यात एक मोठी पोकळी आहे, आणि गंमत अशी की त्याची ताकद आणि ही पोकळी एकाच निर्णयातून आली आहेत. सगळी गोष्ट नायिका कॅटनिसच्या तोंडून, वर्तमानकाळात आणि तिला कळेल तेवढीच सांगायची, हा तो निर्णय. पहिल्या भागात त्याचा फायदाच फायदा झाला. दुसऱ्यात लेखिकेला त्याची किंमत मोजावी लागली. पुढे शेवटासकट सगळं उघड केलं आहे, त्यामुळे पुस्तक वाचायचं बाकी असेल तर आधी ते वाचा.

‘पुन्हा तेच’ ही तक्रार आधी मोजून बघू. सुझान कॉलिन्सचा पहिला भाग सप्टेंबर २००८मध्ये आला, दुसरा सप्टेंबर २००९मध्ये आणि तिसरा, ‘मॉकिंगजे’, ऑगस्ट २०१०मध्ये. त्याआधी तिने मुलांच्या टीव्ही मालिकांसाठी लेखन केलं होतं आणि ती शिस्त पुस्तकांत दिसते. तिन्ही पुस्तकं २७ प्रकरणांची, प्रत्येकाचे तीन खंड, प्रत्येक खंडात ९ प्रकरणं. मोजमाप इतकं सारखं असल्यामुळे तुलना सोपी जाते. पहिल्या भागात कॅटनिस दहाव्या प्रकरणाच्या शेवटी रिंगणात उतरते आणि पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग तिथेच घडतो. दुसऱ्या भागात ती रिंगणात पोहोचते अठराव्या प्रकरणाच्या शेवटी. म्हणजे दोन तृतीयांश पुस्तक रिंगणाबाहेर आहे. वाचकाला ते उलटं आठवतं, कारण शेवटची नऊ प्रकरणं वेगवान आहेत आणि मधली पाच-सहा डोक्यात राहत नाहीत. तक्रार आहे ती या मधल्या प्रकरणांची. रिंगणाच्या पुनरावृत्तीला तिचा दोष देणं चुकीचं आहे.

दुसऱ्या भागाचं पहिलं काम म्हणजे पहिल्या भागाच्या शेवटाचं काय करायचं ते ठरवणं. आपल्याकडच्या किशोर मालिकांचा नायक बहुतेक वेळा दर पुस्तकात कोरा सुरू होतो. फास्टर फेणेची पुस्तकं कुठल्याही क्रमाने वाचा, काही अडत नाही, आणि त्या प्रकारात ते योग्यच आहे. कॉलिन्सने उलट वाट धरली. पहिल्या भागात कॅटनिस आणि तिच्याच जिल्ह्याचा पीटा विषारी बोरं खायची धमकी देऊन दोघंही जिवंत सुटतात. दुसऱ्या भागात राष्ट्राध्यक्ष स्नो तिच्या घरी येऊन त्या विजयाचाच हिशेब मागतो: तुझी ती कृती लोकांनी प्रेम म्हणून पाहिली नाही, बंड म्हणून पाहिली. आता विजययात्रेत जिल्ह्याजिल्ह्यात फिरून तू प्रेमात वेडी होतीस हे पटवून दे, नाहीतर तुझ्या माणसांचं काही खरं नाही. पहिल्या पुस्तकाने जे बक्षीस म्हणून दिलं होतं ते इथे आरोप होऊन परत येतं. ‘ती जगेल का’ हा प्रश्न संपला होता. त्या जागी आता ‘तिच्या जगण्याचा अर्थ कोण ठरवणार’ हा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या भागाला स्वतःचा प्रश्न हवा, आणि या पुस्तकाला तो पहिल्या दोन प्रकरणांत मिळतो.

मागच्या भागाची उजळणीही इथेच उरकली आहे, आणि ती कशी केली आहे हे तपासण्यासारखं आहे. पहिलं प्रकरण जड जातं. कॅटनिस जंगलात बसून विचार करते आणि खेळ काय असतात, तिचा शिकारीतला मित्र गेल कोण, खाण काय, विजेत्यांच्या वस्तीतलं घर कसं, हे सगळं वाचकाला सांगते. आधीचं पुस्तक आठवणाऱ्याला हे नकोसं होतं. पण दुसऱ्या प्रकरणात तीच माहिती स्नोच्या तोंडून येते तेव्हा अंगावर काटा येतो, कारण तिथे प्रत्येक जुनी गोष्ट धमकीचा पुरावा म्हणून येते. गेलचं जंगलातलं चुंबनही त्याला ठाऊक आहे, हे कळतं ते असंच. माहिती तीच, पण एकदा नायिका ती स्वतःशी आठवते आणि एकदा शत्रू ती तिच्यावर वापरतो. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचली तर उजळणी कुणाच्या तोंडी द्यावी हा प्रश्न उरत नाही.

आता पुनरावृत्तीकडे येऊ. सोडत, आगगाडी, प्रशिक्षण, गुणांकन, मुलाखत, रिंगण: थांबे तेच आणि क्रमही तोच. पण प्रत्येक थांब्यावर एक गोष्ट उलटी केली आहे. पहिल्या भागात सोडतीच्या भांड्यात हजारो चिठ्ठ्या होत्या आणि भीती योगायोगाची होती. दर २५ वर्षांनी होणाऱ्या खास खेळांसाठी यंदा जुन्या विजेत्यांमधूनच स्पर्धक काढायचे ठरतात, आणि कॅटनिसच्या बाराव्या जिल्ह्यात जिवंत विजेती बाई एकच आहे. भांड्यात एकच चिठ्ठी. सोडतीचा अख्खा सोहळा तोच, फक्त त्यातली सोडत काढून घेतली आहे. प्रशिक्षणात पहिल्यांदा एकमेकांना जोखणारी अनोळखी मुलं होती, आता वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारी मोठी माणसं आहेत. गेममेकरांसमोर, म्हणजे खेळ रचणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर, पहिल्यांदा कॅटनिसने रागाने डुकराच्या तोंडातल्या सफरचंदावर बाण मारला होता. या वेळी पीटा पहिल्या खेळांत मेलेल्या छोट्या रूचं चित्र रंगवतो आणि कॅटनिस मारल्या गेलेल्या गेममेकरच्या नावाचा पुतळा फासावर लटकवते. मुलाखती पूर्वी प्रेक्षकांची मर्जी मिळवण्यासाठी होत्या. आता २४ जण प्रेक्षकांनाच अवघडून टाकतात आणि शेवटी हातात हात घालून उभे राहतात. शिळ्या कढीला ऊत आणणं वेगळं आणि हे वेगळं. इथे जुना थांबा वाचकाच्या आठवणीवर काम करतो आणि प्रत्येक वेळी मधला फरकच बातमी असतो.

सगळ्यांत मोठा बदल हेतूचा आहे. पहिल्यांदा कॅटनिसला स्वतः जगायचं होतं. या वेळी तिला पीटाला जगवायचं आहे, आणि पीटाला तिला. एका रिंगणात दोन माणसं एकमेकांच्या विरुद्ध हेतूने एकमेकांना वाचवत असतील, तर प्रत्येक साधी कृतीही, पहाऱ्याची पाळी कुणाची, पाणी आणायला कोण जाणार, ताणाची होते. दुसऱ्या भागात त्याच जागी परत जायचं असेल तर नायकाची इच्छा बदला. सापळे, प्राणी आणि यंत्रं वाढवून हे साधत नाही.

पुस्तकाची खरी कारागिरी बलक्षेत्राच्या, म्हणजे आदळलेली वस्तू परत फेकणाऱ्या अदृश्य भिंतीच्या, साखळीत आहे. शेवटी कॅटनिस तार बांधलेला बाण रिंगणाच्या छताच्या बलक्षेत्रात मारते आणि वीज पडताच रिंगण फुटतं. हा शेवट आकाशातून पडलेला वाटत नाही, कारण त्याची तयारी निदान पाच ठिकाणी झालेली आहे. पहिल्या भागात प्रशिक्षण केंद्राच्या गच्चीवरून फेकलेली वस्तू परत येते, एवढंच कळतं. दुसऱ्या भागात कॅटनिस आणि पीटा त्यांचा मार्गदर्शक आणि जुना विजेता हेमिच याच्या खेळांचं चित्रण बघतात. त्यात तो कड्याखालचं बलक्षेत्र ओळखून त्याच्याच जोरावर जिंकतो, कारण प्रतिस्पर्ध्याची कुऱ्हाड उलटून तिच्याच डोक्यात बसते. मग प्रशिक्षणाच्या दालनात तिसऱ्या जिल्ह्याचे बीटी आणि वायरस तिला गेममेकरांसमोरच्या बलक्षेत्रातला बारीक थरथरणारा चौकोन दाखवतात: काळजीपूर्वक बघितलं तर कमकुवत जागा दिसते. रिंगणात पीटा त्यावर धडकतो आणि त्याचं हृदय थांबतं. नंतर तर मंडळी त्याच बलक्षेत्रावर सुपाऱ्यांसारखी कवचफळं आणि मांस फेकून भाजून घेतात. या साध्या कामातून वाचकाला त्याचे गुणधर्म पाठ होतात: वस्तू परत येते, पण तापून. पाच वेळा वेगवेगळ्या कारणांनी दिसलेली गोष्ट सहाव्यांदा निर्णायक ठरते, आणि एकदाही तिच्याकडे ‘हे लक्षात ठेवा’ म्हणून बोट दाखवलेलं नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने यंत्राची ओळख करून द्यायची पद्धत इथून जशीच्या तशी घ्यावी. आधी उपद्रव, मग इतिहास, मग निरीक्षण, मग इजा, मग रोजचा वापर आणि शेवटी शस्त्र. व्याख्यान कुठेच नाही.

रिंगणाची रचनाही अशीच शोधून काढायला लावते. मध्ये खारं पाणी, त्यात बेट, भोवती वर्तुळाकार जंगल, आणि त्याचे घड्याळासारखे बारा भाग. दर तासाला एका भागात एक संकट: बाराला वीज, एकला रक्ताचा पाऊस, दोनला विषारी धुकं, तीनला माकडं, चारला प्रियजनांच्या किंकाळ्यांची नक्कल करणारे जॅबरजे पक्षी, दहाला लाट. वाचकाला आधी फक्त मार बसतो आणि नियम नंतर सापडतो. भेदरलेली वायरस ‘टिक टॉक’ एवढंच पुटपुटत राहते, बाकीचे तिला वेडी समजतात, आणि कोडं तिनेच सोडवलेलं असतं. एकदा घड्याळ कळलं की भीतीचं रूप बदलतं, कारण आता किती वाजता कुठे असायचं नाही हे माहीत असतं. म्हणूनच गेममेकर लगेच बेट गरगर फिरवून दिशा विसरायला लावतात. नियम सापडला की तो लगेच डळमळीत करायचा, ही युक्ती कुठल्याही साहसकथेत चालते.

आता एकाच दृष्टिकोनाची चांगली बाजू. सहा जिल्ह्यांचे स्पर्धक आणि खुद्द मुख्य गेममेकर प्लुटार्क कॅटनिसला जिवंत बाहेर काढायच्या कटात आहेत, आणि हे तिला शेवटपर्यंत माहीत नाही. त्यामुळे पुस्तकातल्या अनेक प्रसंगांना दोन अर्थ आहेत. नाचताना प्लुटार्क घड्याळावर उमटणारा मॉकिंगजे पक्षी, म्हणजे कॅटनिसची आणि बंडाची खूण, दाखवून मध्यरात्रीचा उल्लेख करतो, ते तिला बढाईखोर वाटतं. चौथ्या जिल्ह्याच्या फिनिकच्या हातात हेमिचचं सोनेरी कडं दिसतं. त्याच्याच जिल्ह्याची वयस्कर मॅग्ज धुक्यात स्वतःहून चालत जाते. सहाव्या जिल्ह्याची व्यसनी बाई पीटा आणि माकडाच्या मध्ये उडी घेते. तिसऱ्या जिल्ह्याचा पाव येतो, २४ नग, त्यात दिवस आणि तास दडलेला असतो. सातव्या जिल्ह्याची जोहाना कॅटनिसला पाडून तिच्या हातात सुरी खुपसते, आणि तो विश्वासघात वाटतो. खरं तर ती माग काढणारी चकती कापून काढत असते. दुसरं वाचन करताना हे सगळे प्रसंग पेन्सिलने खुणा करून तपासले तर एकही खोटा पडत नाही. निवेदक काही लपवत नाही, तिला दिसतं ते सगळं सांगते आणि अर्थ चुकीचा लावते. वाचकाला फसवायची हीच प्रामाणिक रीत.

पण याच रीतीने पुस्तकाचं नुकसानही केलं आहे. एक चाचणी लावून पाहा. सहाव्या ते अकराव्या प्रकरणांत कॅटनिस जे जे ठरवते ते खोडा आणि कथानक कुठे बदलतं ते बघा. आठव्या जिल्ह्यातलं बंड ती टीव्हीवर बघते. पळून जायचं ठरवते. गेलला चाबकाचे फटके बसतात, मग ती राहायचं ठरवते. जंगलातल्या झोपडीत आठव्या जिल्ह्यातून पळालेल्या बॉनी आणि ट्विल भेटतात. परतताना कुंपणात वीज सोडलेली असते, झाडावरून उडी मारताना तिची टाच दुखावते. यातलं काहीही वेगळं घडलं असतं तरी बाराव्या प्रकरणाच्या शेवटी विजेत्यांना पुन्हा रिंगणात पाठवायची घोषणा झालीच असती. सहा प्रकरणं नायिका निर्णय घेते, आणि एकाही निर्णयाला परिणाम नाही. गेलच्या फटक्यांचा प्रसंग स्वतंत्रपणे उत्तम आहे. कॅटनिसची आई स्वयंपाकघराच्या टेबलावर जखमा साफ करते ते वर्णन तर पुस्तकातल्या सर्वोत्तम पानांत मोडतं. पण प्रसंग चांगला असणं आणि कथानक पुढे जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संपादकाने इथे दोन प्रकरणांची छाटणी मागायला हवी होती.

बॉनी आणि ट्विलचं तर स्पष्टच सांगायला हवं. त्यांचं काम एकच: जो नष्ट झाला असं कॅपिटॉल सांगतं त्या तेराव्या जिल्ह्याची बातमी पोहोचवणं. टीव्हीवर त्या उद्ध्वस्त जिल्ह्याचं चित्रण दाखवतात तेव्हा कोपऱ्यात दर वेळी तोच मॉकिंगजे फडफडतो, म्हणजे चित्रण जुनं आहे, हा धागा सुरेख आहे, आणि कॅटनिस पुढे तो स्वतः पडताळून पाहते हेही चांगलं. पण तो आणणारी माणसं अवघ्या जंगलात नेमकी तिच्याच झोपडीत सापडावीत, बोलावीत आणि निघून जावीत, हा योगायोग कच्चा आहे. तीच खूण कॅटनिसने स्वतः पकडली असती तर तिचं तिरंदाजाचं नेमकं डोळस लक्ष कामी आलं असतं आणि एक निर्णय तरी तिचा झाला असता.

शेवटच्या प्रकरणाचीही हीच अडचण आहे. बाण मारायचा निर्णय पूर्णपणे कॅटनिसचा आहे. बेशुद्ध बीटीजवळची तार गुंडाळलेली सुरी पाहून त्याला काय करायचं होतं ते तीच ताडते, आणि खरा शत्रू कोण हे विसरू नकोस ही हेमिचची सूचना त्या क्षणी तिला आठवते. हा पुस्तकाचा कळस आहे आणि तो कमावलेला आहे. त्यानंतर मात्र ती हॉवरक्राफ्टमध्ये जागी होते आणि हेमिच नि प्लुटार्क तिला सगळा कट समजावून सांगतात. एवढा मोठा उलगडा काही पानांत, बसून, बोलून. तिला का सांगितलं नाही याचं कारण दिलं आहे: पकडली गेली असती तर माहिती फुटली असती. पण पीटालाही सांगितलं नाही, आणि पकडला गेला तोच. कटाच्या तर्कात आणखी भोकं आहेत. सुटका होईपर्यंत ही दोघं जगतील याची हमी कुणाकडेच नव्हती. प्लुटार्क मुख्य गेममेकर असूनही त्याच्याच धुक्यात मॅग्ज मरते. तो सापळे सौम्य करू शकत नव्हता का, हा प्रश्न पुस्तक स्वतःला विचारतच नाही. स्नोच्या बाजूनेही प्रश्न आहे: कॅपिटॉलचे लाडके चेहरे एकदम मारायला काढले तर कॅपिटॉलच बिथरेल हे त्याच्यासारख्या धूर्त माणसाला का सुचू नये? मुलाखतींच्या रात्री नेमकं तेच होतं. याचं उत्तर ‘तो घाबरला होता’ असं देता येतं, पण कॅटनिसच्या डोळ्यांनी आपण त्याच्या खोलीत जाऊ शकत नाही, त्यामुळे ते उत्तर आपणच कल्पायचं. २०१३च्या चित्रपटात दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्सने स्नो आणि प्लुटार्कचे एकांतातले संवाद घातले आणि हे भोक बरंचसं बुजवलं. बॉनी-ट्विलही वगळल्या. बदल्यात पुस्तकातला एक आनंद गेला: प्लुटार्क कोण आहे याचा अंदाज चित्रपटात लवकर यायला लागतो.

प्रेमत्रिकोणाबद्दल थोडक्यात. पीटा फार निर्दोष आहे. गेलचा राग आणि त्याचं राजकारण त्याच्याहून जिवंत वाटतं, पण गेलला जागाच नाही. अर्धं पुस्तक तो पडद्याआड आहे, त्यामुळे तराजू बरोबरीचा होत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचा लॉकेटचा प्रसंग मात्र अपवाद. पीटा तिला आई, बहीण प्रिम आणि गेल यांचे फोटो दाखवून ‘तुझ्याकडे परतायला घर आहे’ असं सुचवतो, तेव्हा त्याचा चांगुलपणा पहिल्यांदा धोरणीही वाटतो.

आता विज्ञान. किशोर विज्ञानकादंबरीकडून पाठ्यपुस्तकाची अपेक्षा करू नये, पण कुठे घट्ट आहे आणि कुठे सैल, हे सांगता यायला हवं.

बीटीची तार अनेकांना थाप वाटते: विजेच्या लोळाने बारीक तार जळून जाणार नाही का? पुस्तकात कॅटनिसही तेच विचारते आणि बीटी म्हणतो की जळेल, पण प्रवाह पुढे गेल्यावर. हे खऱ्या प्रयोगांशी जुळतं. वीज मुद्दाम पाडण्याच्या प्रयोगांत ढगाकडे सोडलेल्या छोट्या रॉकेटमागे तांब्याची बारीक तार असते. वीज येताच तार क्षणात वाफ होऊन जाते, पण तिच्या जागी आयनित, म्हणजे वीज वाहू शकणाऱ्या, वायूचा मार्ग उरतो आणि पुढचा प्रवाह त्यातून जातो. बीटीच्या योजनेचा दुसरा भाग, लाटेने भिजलेल्या किनाऱ्यावरचे आणि पाण्यातले सगळे शत्रू एकदम मरतील, हा मात्र ढिला आहे. पाण्यात प्रवाह पसरतो आणि अंतरागणिक झपाट्याने क्षीण होतो. ते खपून जातं, कारण ही योजना मुळात खऱ्या योजनेवरचं पांघरूण होती.

धुकं सर्वांत कच्चं आहे. त्वचेवर फोड, मग स्नायूंची थरथर, मग हातपाय निकामी. थरथर आणि पक्षाघात ही मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या विषाची लक्षणं, फोड ही वेगळ्या जातीच्या रासायनिक अस्त्रांची. लेखिकेने दोन्ही एकत्र केली. मग खाऱ्या पाण्यात बुडून राहिल्यावर विष बाहेर निघतं आणि हातपाय पुन्हा चालतात. प्रत्यक्षात असं विष शरीरातल्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) जखडून टाकतं. धुण्याने कातडीवरचं उरलेलं निघेल, आत गेलेल्यावर ॲट्रोपिनसारखं औषधच लागतं. इथे दोन ओळी घालून हे कॅपिटॉलने खेळासाठी बनवलेलं, मुद्दाम उतारा ठेवलेलं विष आहे असं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

झाडाला नळी ठोकून पाणी काढायचा प्रसंग उलट विश्वासार्ह आहे. उत्तर अमेरिकेत मेपलचा रस याच साधनाने काढतात, आणि आपल्या जंगलातल्या ऐनाच्या खोडातही पाणी साठतं. हेमिच ती नळी काही न बोलता पाठवतो आणि ती कशाची हे कॅटनिसला आठवावं लागतं, हा भाग तर नमुनेदार आहे.

जगाच्या अर्थकारणातही हाच चढउतार आहे. कॅपिटॉलमधून आलेली तिची सजावटीची मंडळी कुरकुरतात की समुद्री मासळी मिळत नाही, म्युझिक चिप मिळत नाहीत, रिबिनी मिळत नाहीत. त्यावरून कॅटनिस ओळखते की चौथा, तिसरा आणि आठवा जिल्हा पेटला आहे. बंडाची बातमी टंचाईतून कळणं ही या पुस्तकातली सर्वांत हुशार कल्पना आहे, आणि ती एका गप्पांच्या ओघात येऊन जाते. पण त्याच जगात अख्ख्या देशाला कोळसा पुरवणाऱ्या बाराव्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८,००० आहे. यात मुलं आणि म्हातारे धरले तर खाणीत उतरणार किती? जिल्ह्यांमधली अंतरं, शेतीचा आकार, सैन्याची संख्या, काहीच जुळत नाही. पहिल्या भागात गोष्ट एका रिंगणापुरती होती म्हणून कुणी विचारलं नाही. दुसऱ्या भागात उठाव देशभर पसरतो आणि आकडे उघडे पडतात. जग वाढवायचं असेल तर दुसरा भाग लिहिण्याआधी कागदावर साधा हिशेब मांडावा: माणसं किती, खातात किती, पिकवतं कोण, वाहतूक कशाने, एका ठिकाणाहून दुसरीकडे बातमी किती दिवसांत जाते.

पात्रांचंही तसंच. फिनिक, जोहाना, बीटी, मॅग्ज मोजक्या ओळींत उभे राहतात, कारण प्रत्येकाचं एक कौशल्य, एक सवय आणि एक दुखरी जागा ठरवलेली आहे. पहिल्या-दुसऱ्या जिल्ह्याचे ग्लॉस, कॅशमिअर, ब्रूटस मात्र फक्त शत्रू राहतात. ग्लॉस आणि कॅशमिअर तर भाऊबहीण आहेत. दोघंही याच सत्तेचे बळी असताना त्यांच्या वाट्याला एक माणुसकीचा क्षणही नाही, याचं वाईट वाटतं, कारण खरा शत्रू कोण हाच तर पुस्तकाचा मुद्दा आहे.

तुम्ही स्वतः दुसरा भाग लिहीत असाल तर क्रम असा ठेवा. पहिल्या भागाच्या शेवटी नायकाला जे मिळालं ते एका वाक्यात लिहा आणि ते त्याच्यावर कसं उलटेल ते दुसऱ्या वाक्यात. मग दोन्ही पुस्तकांचे थांबे समोरासमोर मांडून, प्रत्येक सारख्या थांब्यापुढे काय उलटं होतं ते भरा. एखादी रांग कोरी राहिली तर तो थांबा काढून टाका. शेवट ज्या वस्तूवर उभा आहे ती आधी किमान चार वेळा, दर वेळी वेगळ्या कामासाठी दिसू द्या. मसुदा झाला की नायकाच्या निर्णयांची यादी करून वरची खोडायची चाचणी लावा. ओळीने तीन निर्णय खोडूनही कथा तशीच राहत असेल तर तिथे मधली मरगळ आहे. आणि कट नायकापासून लपवणार असाल, तर उलगड्यातला निदान अर्धा भाग नायकाला स्वतः शोधू द्या. कॉलिन्सने पहिल्या तीनही गोष्टी कधी उत्तम, कधी बऱ्या केल्या. चौथीत मधली प्रकरणं अडली आणि पाचवी राहिली.

मुलांना द्यायचं का, तर १३ वर्षांपुढे जरूर द्या. पहिल्या भागापेक्षा रक्त कमी आहे, पण जे आहे ते मोठ्यांनी, सगळ्यांसमोर केलेलं आहे: अकराव्या जिल्ह्यात शिट्टी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला जमावासमोर गोळी घालतात, गेलला चौकात फटके मारतात, रिंगणात जाण्याच्या क्षणी कॅटनिसच्या डोळ्यांदेखत तिचा वेशभूषाकार सिना याला रक्तबंबाळ करतात. हे वाचल्यावर मुलं प्रश्न विचारतात, तेव्हा सोबत कुणीतरी वाचलेलं असावं. आणि तिसरा भाग आधीच घरात आणून ठेवा, कारण हे पुस्तक संपत नाही. पीटा शत्रूच्या ताब्यात आहे आणि बारावा जिल्हा उरलेला नाही, एवढं सांगून ते थांबतं.